मान कुणाचा, काम कुणाचं : साताऱ्याच्या जत्रांचा आढावा

पौषात आपल्याकडे कुणी लग्न काढत नाही. चैत्रातही कित्येक घरांत टाळतात. सातारा जिल्ह्यातले देव मात्र नेमके याच महिन्यांत बोहल्यावर चढतात. कराड तालुक्यातल्या पालीला खंडोबा-म्हाळसेचं लग्न पौषात लागतं. माण तालुक्यातल्या शिखर शिंगणापूरला शंभू महादेव-पार्वतीचं लग्न चैत्र शुद्ध अष्टमीच्या मध्यरात्री लागतं. म्हसवडचा सिद्धनाथ तेवढा जोगेश्वरीशी लग्न करताना तुळशीच्या लग्नाचा मुहूर्त साधतो. म्हणजे आधी देव, मग माणसं. याचं शास्त्रातलं कारण कुणी काहीही सांगो, मला व्यवहारातलं कारण जास्त पटतं. देवाच्या लग्नाला अख्खा मुलूख वऱ्हाडी लागतो. घरोघरी मांडव पडलेले असताना ते वऱ्हाड यायचं कुठून?

जत्रांकडे असं कामाच्या बाजूनं बघायची सवय आपल्याला फारशी नाही. साताऱ्यात तर या विषयावर तोंड उघडलं की दोन फळ्या तयार होतात. एकीकडे श्रद्धा, दुसरीकडे अंधश्रद्धा. हे शहर डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कायदा झाला. तो वाद महत्त्वाचा आहेच, पण त्याच्या आवाजात दुसरा प्रश्न दबून जातो. जत्रा उभी कोण करतं? दोर कोण आणतं, पाणी कोण भरतं, पालखी कुणाच्या खांद्यावर असते, हलगी कोण वाजवतं आणि दुसऱ्या दिवशी पत्रावळी कोण उचलतं? साताऱ्याच्या जत्रांमध्ये गेल्या साठ-सत्तर वर्षांत जे काही बदललं, बिघडलं किंवा टिकलं, त्याचा माग याच प्रश्नाच्या कडेकडेनं लागतो.

आधी शब्द नीट लावून घेऊ. बोलताना आपण जत्रा आणि यात्रा सरमिसळ वापरतो. कराडच्या खाली दक्षिणेला गेलं की हिंदू देवाच्या जत्रेलाही उरूस म्हणतात. तरी फरक आहेच. जत्रा गावची असते, तिला पाहुणे येतात. यात्रा देवाची असते, तिला भाविक येतात. पाहुण्याला नाव असतं. तो कुणाचा जावई असतो, कुणाचा मेहुणा, कुणाच्या मुंबईतल्या खोलीवरचा सोबती. त्याची भाकरी कुठल्या चुलीवर होणार हे ठरलेलं असतं. भाविकाला नाव नसतं, संख्या असते. आणि संख्येची भाकरी, पाणी, वाट यांची जबाबदारी कुणाची हे ठरवावं लागतं.

जिल्ह्याचे तालुके 11, पण पाऊस दोन प्रकारचा. पश्चिमेला महाबळेश्वरी वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो आणि पूर्वेला माणमध्ये पाचशेही पुरा पडत नाही. पंचांग सगळीकडे तेच, तरी जत्रांचं वेळापत्रक शेताच्या रिकामपणावर बसवलेलं दिसतं. दिवाळीनंतर खरीप घरात आलं की म्हसवड, पुसेगाव, पाल, औंध, मांढरदेव अशी मोठ्या यात्रांची रांग लागते. मग रब्बीची सुगी. ज्वारी-गहू खळ्यावरून घरात आला, हातात चार पैसे आले की होळीपासून वैशाखापर्यंत गावोगावच्या जत्रा. भैरवनाथ, जानाई, म्हसोबा, मरीआई, जोतिबा, कुठं पिराचा संदल. एका खोऱ्यात लागोपाठच्या गावांच्या तिथ्या बहुधा एकमेकींवर येत नाहीत, कारण पाहुणे, पैलवान आणि पाळणेवाले तेच असतात. मिरगाआधी सगळं आवरतं. आषाढात बेंदूर येतो तो घरचा सण, बैलाचा. त्याला पाहुणा लागत नाही.

गावची जत्रा कशी उभी राहते? होळीच्या आसपास देवळात बैठक बसते. पट्टी ठरते, उंबऱ्याला अमुक. पूर्वी ती बैलजोडीवर किंवा जमिनीवर असे, आता बहुतेक ठिकाणी सरसकट घरावर आहे. मग सुपारी: तमाशा कुठला, बँड कुठला. तमाशाचा फड परवडला नाही तर ऑर्केस्ट्रा. जत्रेच्या पहिल्या दिवशी देवाला पोशाख, पुरणाचा नैवेद्य, रात्री छबिना. पालखी गावभर फिरते. दारादारात थांबते, पायावर पाणी, आरती, गुलाल. पहाट होते ती देवळाच्या पायरीवरच. दुसऱ्या दिवशी सकाळी तमाशाची हजेरी, दुपारी कुस्त्यांचं मैदान आणि घराघरांत मटणाचा रस्सा. मैदानाची सुरुवात नारळावरच्या, रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी. चड्डी सांभाळत पोरं उतरतात. शेवटच्या कुस्तीचं इनाम हजारांत-लाखांत असतं, पण गावाला खरी गंमत त्या नारळाच्या कुस्त्यांत येते. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. ज्या मुलखात सहा वर्षांच्या पोराला जत्रेत लंगोट चढवतात, त्या मुलखातून ते गेले याचं आश्चर्य वाटायला नको.

या जत्रेचा मोठा भार मुंबईकर उचलतात. जावळी, पाटण, कोरेगाव, खंडाळा या तालुक्यांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत आहेत. आधी गिरणीत आणि गोदीत, मग माथाडी म्हणून मशीद बंदरला आणि वाशीच्या बाजारात. गावात त्यांचं रिकामं घर असतं आणि जत्रेच्या चार दिवसांत त्याचं कुलूप निघतं. देवळाच्या सभामंडपावर पाहा, जीर्णोद्धाराच्या संगमरवरी पाटीवर अर्ध्याहून जास्त नावं मुंबई मंडळाची. त्यांनी पैसा दिला, त्याबरोबर मतही दिलं. तिथी बदलता येत नाही, म्हणून कुस्त्या रविवारी घ्या. तमाशा नको, बायकापोरं आहेत, काहीतरी ‘फॅमिली’ ठेवा. डॉल्बी मात्र पाहिजे. गावात राहणाऱ्यांचा आणि गावाला येणाऱ्यांचा हा ताण आता प्रत्येक बैठकीत असतो. माझं मत विचाराल तर, तमाशा घालवून डॉल्बी आणली हा सौदा आतबट्ट्याचा झाला. तमाशात निदान गावाला कुणीतरी टोमणे मारत होतं.

आता मानाकडे येऊ. बाहेरच्याला मान म्हणजे फेटा आणि नारळ वाटतो. मुळात मान म्हणजे वाटून दिलेलं काम. सुतारानं रथ ठोकून द्यायचा, लोहारानं धाव चढवायची, कुंभारानं घट द्यायचे, कोळ्यानं पाणी, परटानं पायघड्या, गुरवानं पूजा, धनगरांनी ढोल, रामोशानं राखण, पाटलाच्या हातानं पहिला नारळ. काम केलं म्हणून त्या घराला नारळ. लिहून ठेवलेलं नसे, पण विसरण्याचीही सोय नव्हती. पाचशे-हजार माणसं दोन दिवस गावात येणार, त्यांचं सगळं बिनबोभाट व्हायचं, तर एवढी वाटणी पाठ असावीच लागते.

पण याच यादीत खालच्या टोकाला जी कामं होती त्यांना मान म्हणायची कुणाची जीभ रेटत नसे. हलगी मांगानं वाजवायची, पण देवळाच्या पायरीखाली उभं राहून. मेलेलं ढोर महारानं ओढायचं, गावाची हाळी त्यानंच द्यायची, आणि जत्रेतल्या बोकडाची आतडी-मुंडी त्याच्या वाट्याला. डॉ. आंबेडकरांनी हे झुगारा म्हणून सांगितलं, 1956 च्या धर्मांतरानंतर बौद्ध झालेल्या वस्त्यांनी गावकीची कामं सोडली, आणि 1958 च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगारांची वतनं संपवली. जत्रेच्या इतिहासात या घटनेची नोंद कुणी करत नाही. माझ्या मते गेल्या शतकात जत्रेत झालेला सगळ्यात मोठा बदल हाच. ज्यांच्या कामाला फेटा होता ते काम धरून राहिले, ज्यांच्या कामाला अपमान होता ते सोडून गेले. त्यानंतर गावाला पहिल्यांदा कळलं की जत्रा किती हातांवर उभी होती. हलगीवाले आता बाहेरगावहून ठरवून आणतात, रोख मोजून. काही गावांत कधीकाळी वेशीबाहेर थांबणारी पालखी आता बौद्धवस्तीतूनही जाते. काही गावांत ‘पूर्वापार मार्ग’ हे शब्द अजून फार जोरात म्हटले जातात.

मानाची जुनी यंत्रणा अजून कुठं चालती बघायची असेल तर वाई तालुक्यातल्या बावधनला रंगपंचमीला जावं. होळी पौर्णिमेला भैरवनाथाच्या देवळात नवसकऱ्यांतून कौल लावून बगाड्या ठरतो. पुढचे पाच दिवस तो देवळाचा. दरम्यान बगाड जुळवायचं. लाकडाचा अवाढव्य गाडा, त्यावर उभा खांब, खांबावर आडवं फिरणारं लांब शीड. लाकूड शिवारातून येतं. कोणता भाग कुणी आणायचा, कुणी घडवायचा हे घराण्यांना वाटून दिलेलं. रंगपंचमीच्या सकाळी कृष्णाकाठी सोनेश्वराला बगाड्याला शिडाच्या टोकाला बांधतात आणि गाडा गावाकडं निघतो. रस्त्यानं नव्हे, शेतांतून. खिलार बैलांच्या जोड्या पुढं जुंपलेल्या, थोड्या थोड्या अंतरावर जोड्या बदलायच्या, चाक ढेकळात रुतलं की शेकडो हात गाड्याला. बगाड आपल्या शेतातून गेलं तर पीक मोडलं म्हणून कुणी तक्रार करत नाही. त्या गाड्याखाली धरायचे बैल काही घरं वर्षभर दुसऱ्या कामाला लावत नाहीत. हा खर्च शेतीच्या हिशेबात कुठंच बसत नाही, आणि तो मांडून दाखवणाऱ्याला बावधनकर चहा पाजून वाटेला लावतील.

एके काळी बगाड्याच्या पाठीत लोखंडी गळ टोचत. इंग्रजी अमलात गळावर टाच आली आणि त्याच्या जागी कापड आलं. प्रथा थांबली नाही, तिचा सांधा बदलला. सुधारणा आणि परंपरा यांचं असं जमू शकतं याचं हे चांगलं उदाहरण. वाईटही एक आहे. 2 एप्रिल 2021 ला करोनाची जमावबंदी असताना बावधनकरांनी पहाटेच बगाड काढलं, हजारो जमले, गुन्हे दाखल झाले. तेव्हा शहरातल्या वर्तमानपत्रांनी गावाला अडाणी ठरवलं. अडाणीपणा नव्हता तो. ज्या कामात प्रत्येक घराचा हात आहे ते काम बंद ठेवा म्हणून कुणाला सांगायचं, हा पेच होता. सरकारी आदेश ट्रस्टींच्या हाती देता येतो. तिथं ट्रस्टींपेक्षा गाव मोठं होतं. आजाराच्या दिवसांत ते चुकलंच, पण कसं चुकलं हे समजून घ्यायला हरकत नाही.

माणदेशातल्या दोन यात्रांत ही वाटणी गावाबाहेर, मुलुखभर पसरलेली दिसते. म्हसवडला दिवाळी पाडव्याला घट बसतात, बारा दिवसांचं नवरात्र होतं, कित्येक जण ते उभ्यानं करतात, द्वादशीच्या रात्री सिद्धनाथाचं लग्न लागतं आणि मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, देवदिवाळीला, त्याची वरात रथातून निघते. दोरांनी माणसं रथ ओढतात, वरून गुलाल-खोबऱ्याचा मारा, ‘सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं’. त्याच दिवशी फलटणला रामाचा रथ निघतो. एकाच दिवशी दोन रथ, म्हणजे माण-फलटणातल्या सोयरिकींची तेवढी ओढाताण.

शिंगणापूर याहून गुंतागुंतीचं. भोसल्यांचं हे कुलदैवत. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनी इथं तळं बांधलं ते यात्रेकरूंच्या पाण्याचे हाल बघून. आमच्या जिल्ह्यातली यात्रा-व्यवस्थेची ही सगळ्यात जुनी ठळक नोंद म्हणायला हरकत नाही, आणि ती देवळाची नव्हे, पाण्याची आहे. चैत्रात अष्टमीला शंभू महादेवाच्या शिखरापासून समोरच्या अमृतेश्वराच्या शिखरापर्यंत लांबच लांब पागोट्याचं कापड बांधतात, हा ध्वज. द्वादशीला कावडी. त्यांत सासवडची, तेल्या भुतोजीची, मानाची. कऱ्हेचं पाणी भरून ती चालत येते आणि मुंगी घाटातून वर चढते. घाट म्हणजे उभा कडाच. खालून वर माणसांची साखळी लागते, हाताला हात, खांद्याला खांदा, आणि ती अवजड कावड त्या साखळीवरून सरकत सरकत माथ्यावर पोचते. दोर सुटला, एकाचा पाय घसरला तर काय, हे तिथं उभं राहून बघणाऱ्याच्याच पोटात कालवतं. साखळीतल्यांना आपापली जागा ठाऊक असते.

उलट दिशेचीही वाट आहे. साताऱ्याची माणसं बाहेरच्या देवाला मान घेऊन जातात. चैत्र पौर्णिमेला कोल्हापूरच्या वाडी रत्नागिरीवर जोतिबाच्या यात्रेत पहिल्या मानाची सासनकाठी असते ती आमच्या पाडळीची. ती उंच काठी तोलत, चारी बाजूंनी तोरण्या ताणून धरत पाडळीकर डोंगर चढतात. काठी तोलणारा एकच दिसतो, तोरणीवाले कुणाच्या फोटोत येत नाहीत.

आता मांढरदेव. वाईच्या उत्तरेला डोंगरमाथ्यावर काळूबाईचं ठाणं. समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांच्या वर. पौषी पौर्णिमेची, शाकंभरीची, यात्रा. मूळची ही आसपासच्या वाड्यावस्त्यांची जत्रा. पुढं पुणं-मुंबई वाढली, घाटरस्ता झाला, ट्रक-टेम्पो वर जाऊ लागले आणि पाहुण्यांचे भाविक झाले. 25 जानेवारी 2005 ला पौर्णिमा होती आणि वार मंगळवार, देवीचाच. देवळाकडं जाणारी वाट अरुंद, उताराची, दोन्ही बाजूंना दुकानांची दाटी. फोडलेल्या नारळांच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झालेल्या. वरचे खाली सरकत होते, खालचे वर रेटत होते. माणसं पडली, त्यांच्यावर माणसं पडली. मग दुकानांना आग लागली, गॅसच्या टाक्या फुटल्या. 290 हून अधिक माणसं गेली, त्यांत बायका आणि मुलं पुष्कळ. न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला गेला.

त्यानंतर पुष्कळ बोललं गेलं. अंधश्रद्धेनं बळी घेतले, देवीचा कोप झाला, प्रशासन झोपलं होतं. ज्याचं त्याचं म्हणणं ज्याला त्याला पटलं. पण तिथं नेमकं काय नव्हतं ते बघा. बोकड कापू नका म्हणून सांगणारा कायदा नव्हता एवढंच नव्हे, वर किती माणसं आहेत हे खालच्याला सांगणारा माणूस नव्हता. यायची आणि जायची वाट वेगळी नव्हती. वाडीच्या मानकऱ्यांना हजार पाहुण्यांची ओळ लावता येत होती, लाखांची नव्हे. ट्रस्टला देणगीपेटी सांभाळता येत होती. सरकारला बंदोबस्त ठेवता येत होता, म्हणजे काठी. यजमान कुणीच नव्हता. पाणी सांडलेल्या पायरीवर माती टाकायची हे काम कुणाच्या मानात लिहिलेलं नव्हतं.

दुर्घटनेनंतर गडावर व्यवस्था बदलली. वाटा रुंद झाल्या, रांगा आल्या. दरवर्षी यात्रेआधी जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश निघतो: पशुहत्या नाही, वाद्यं नाहीत, नारळ पायरीवर फोडायचा नाही, झाडाला खिळे ठोकून बाहुल्या-लिंबं टोचायची नाहीत. बहुतेक पाळलं जातं. बोकड मात्र संपलेला नाही, तो डोंगराखाली उतरला, आणि जेवण पायथ्याच्या शिवारात होतं. हेही काही वाईट झालं असं मला वाटत नाही. धोका बोकडात कमी आणि पायरीवर जास्त होता.

मोठी गर्दी म्हणजे चेंगराचेंगरी असं समीकरण मांडायचं तर आषाढात लोणंदला उभं राहावं. माउलींची पालखी नीरेत पादुकांना स्नान घालून सातारा जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम, चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण, मग सोलापूरच्या हद्दीत. लाखांनी माणसं, पण हरवलेली कुणी नाही. प्रत्येक वारकरी कुठल्या ना कुठल्या दिंडीत, प्रत्येक दिंडीला क्रमांक, रथाच्या पुढं की मागं ते ठरलेलं, चोपदाराचा दंड वर झाला की टाळ थांबलेले. या सोहळ्याला आजचं रूप देणारे हैबतबाबा आमच्याच जिल्ह्यातल्या आरफळचे, आधी शिंद्यांच्या पदरी असलेले. फौजेच्या तळाची शिस्त त्यांनी भजनात मुरवली. मुक्कामाच्या गावांत पिठलं-भाकरी कुठल्या आळीनं कुठल्या दिंडीला द्यायची हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. लाखांच्या गर्दीतही वारकऱ्याला पाहुणा ठेवायची युक्ती ती हीच.

पुसेगावला निराळाच प्रकार. खटाव तालुक्यातल्या या गावात सेवागिरी महाराजांची समाधी. मार्गशीर्षाच्या अखेरीस रथ निघतो आणि भाविक रथाला नोटा लावतात. संध्याकाळपर्यंत लाकूड दिसेनासं होतं. रक्कम लाखांच्या घरात जाते, मोजदाद सगळ्यांसमोर. पण पुसेगावचं खरं नाव बैलबाजारासाठी. खिलार जनावर बघायचं तर इथं. दात बघून, खूर बघून, रुमालाखाली बोटं धरून व्यवहार. ट्रॅक्टरनं बैल शेतातून काढला, तेव्हा त्याला धरून ठेवलं ते शर्यतीनं. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी घातली तेव्हा या बाजारांची कंबर बसली. 16 डिसेंबर 2021 ला अटींवर परवानगी मिळाली, 18 मे 2023 ला घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला, आणि खोंडांचे भाव पुन्हा चढले. मधेच 2022 मध्ये लंपीनं जनावरांचे बाजार बंद पाडले. बैलावर काठी, शेपटी पिरगाळणं हे सगळं शर्यतीत होत होतंच, बंदी काही हवेतून आली नव्हती. पण शर्यत गेली तर खिलार कुणी का पाळावा, या प्रश्नालाही बंदीवाल्यांकडं उत्तर नव्हतं.

संतांच्या उत्सवांचा प्रांत शांत आहे. चाफळला समर्थांनी 1648 मध्ये उभारलेल्या रामाचा नवमी उत्सव, सज्जनगडावर दासनवमी, गोंदवल्याला 22 डिसेंबर 1913 ला देह ठेवलेल्या ब्रह्मचैतन्य महाराजांची पुण्यतिथी. इथं तमाशा नाही, बोकड नाही, रांगेत बसून प्रसाद. वाईचा कृष्णाबाईचा उत्सव मात्र गंमतीचा. अफजलखानाच्या स्वारीत शिवरायांना यश यावं म्हणून नदीला केलेल्या नवसातून तो सुरू झाला असं वाईकर सांगतात, आणि माघापासून तो घाटाघाटानं चालतो. भीमकुंड आळीचा झाला की पुढची आळी. यजमानपण असं सात ठिकाणी विभागलं की कुणावर भार पडत नाही आणि जेवणावळींत आळीआळीची ईर्षा राहते. औंधच्या यमाईची यात्रा पौषातली, पण औंधला मी आवर्जून जातो ते अश्विनात. शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ 1940 पासून तिथं संगीत उत्सव होतो. ग्वाल्हेर घराण्याचे गायक अंतूबुवा जोशी यांच्या घरानं तो सांभाळला. मोठमोठे गवई सेवा म्हणून गाऊन गेले. हाही एक मानच.

आणि बायका? बहुतेक जत्रांत त्यांचा मान चुलीपुढं. चार दिवस पन्नास माणसांचा रांधा, आणि छबिना दारातूनच बघायचा. म्हणून खंडाळा तालुक्यातल्या सुखेड-बोरीच्या बारचं मोल मला वाटतं. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांच्या बायका मधल्या ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि हलगीच्या तालावर एकमेकींना शिव्या देतात. हातवारे करून, पदर खोचून, तास-दीड तास. दोन सवतींच्या भांडणाची गोष्ट त्यामागं सांगतात. ओढा ओलांडायचा नाही एवढाच नियम, आणि तो मोडू नये म्हणून पोलीस बायका उभ्या. मग ओट्या भरून घरी. वर्षभर गिळलेलं एका दुपारी ओढ्यात सोडायचं. संक्रांतीला माण तालुक्यातल्या कुळकजाईजवळ सीतामाईच्या डोंगरावर बायकांचीच यात्रा भरते, वाणवसा घ्यायला. तिथला आनंद खरा, पण तो फक्त सवाष्णींचा. 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, ती वाट सीतामाईच्या डोंगरावर यायला अजून पुष्कळ चढ आहे.

दरम्यान नव्या यात्राही रुजल्या. 3 जानेवारीला खंडाळा तालुक्यातल्या नायगावला, सावित्रीबाईंच्या जन्मगावी, मुली-बायकांची रीघ लागते. 7 नोव्हेंबर 1900 ला भीमराव साताऱ्याच्या ज्या सरकारी शाळेत दाखल झाले, त्या शाळेच्या दारात दरवर्षी माणसं जमतात. 2017 पासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस आहे. इथं नवस नाही, मानकरी नाही. पुस्तकांचे ठेले आहेत. ज्यांनी गावकीची कामं सोडली, त्यांनी आपली यात्रा आपण बांधली, आणि तिच्यात पायरीखाली कुणालाच उभं केलं नाही.

आमच्या गावची बैठक यंदाही होळीच्या आदल्या रात्री झाली. पट्टी वाढली, त्यावर नेहमीची कुरकुर झाली. मुंबई मंडळाचे पैसे मोबाइलवर आले. मग गुरवांनी जुनी वही काढली आणि मानाची नावं वाचायला घेतली. छत्री, अब्दागिरी, मशाल, घट, पायघड्या. नाव आलं की त्या घरातला कुणीतरी ‘हाय’ म्हणायचा. मशालीच्या नावाला कुणी बोललं नाही. ते घर दहा वर्षं बंद आहे, पोरं पनवेलला. गुरव थांबले. कोपऱ्यातून एक पोरगं म्हणालं, मी धरतो. कुणाचा तू, म्हणून विचारलं तर त्यानं सांगितलं, आम्ही ऊसतोडीला आलो आणि इथंच राहिलो, वरच्या वस्तीला. पाटलांनी एकदा गुरवांकडं पाहिलं, गुरवांनी वहीत पाहिलं. मग कुणीतरी म्हणालं, मशाल जड असते, तेल गळतं, हात भाजतो. पोरगं म्हणालं, ठाऊक आहे, मागल्या साली मीच धरली होती.